पत्ता एकाकडे, खडू दुसऱ्याकडे : डीएनएवर नेमक्या जागी खूण करण्याचा इतिहास

(या भागाचा लिखित मसुदा. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी ऐकवलं तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय मी निवडलेला नाही. तो एका श्रोत्या ताईंनी निवडलाय, तेही मला चिमटा काढून.

झालं असं, की मागे क्रिस्परवरच्या भागात वेळ संपत आला होता आणि शेवटी मी एक वाक्य टाकून मोकळा झालो. म्हटलं, "आता तर डीएनए न कापताही हवं ते जनुक बंद करता येतं." बस, एवढंच. पुढच्या आठवड्यात या ताईंचा निरोप आला. त्यांच्या माहेरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक आजार आहे. कोणता, ते इथे सांगत नाही. त्यांनी लिहिलं होतं, "दादा, हवं ते जनुक बंद होतं हे कळलं. पण नको ते बंद होत नाही, हे कशावरून?"

मी उत्तर टाइप करायला घेतलं. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. परत लिहिल्या, परत खोडल्या. कारण हा प्रश्न या क्षेत्रात काम करणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून छळतोय, आणि त्यावरची प्रत्येक युक्ती कुठे ना कुठे कमी पडली म्हणून पुढची युक्ती आली. म्हणजे उत्तर द्यायचं तर इतिहासच सांगावा लागतो. तर ताई, हा भाग तुमच्यासाठी.

आधी, खूण म्हणजे काय

डीएनएची अक्षरं चार. ए, टी, जी आणि सी. यातल्या सी या अक्षरावर, म्हणजे सायटोसीनवर, कधी कधी एक चिमुकला रासायनिक गट चिकटलेला असतो: एक कार्बन, तीन हायड्रोजन. याला म्हणतात मिथिल गट. अक्षर बदलत नाही, सी तो सीच राहतो. फक्त त्याच्यावर एक खूण येते.

ही खूण प्राण्यांच्या डीएनएत पहिल्यांदा नीट टिपली रोलिन हॉचकिस यांनी, १९४८ साली. वासराच्या थायमस ग्रंथीतला डीएनए त्यांनी कागदावरच्या क्रोमॅटोग्राफीने वेगळा केला, तर सायटोसीनच्या ठिपक्याशेजारी आणखी एक फिकट ठिपका दिसला. तो कशासाठी असतो, हे कळायला पाव शतक जावं लागलं. १९७५ मध्ये लंडनच्या मिल हिलमधून रॉबिन हॉलिडे आणि जॉन प्यू यांनी, आणि कॅलिफोर्नियातून आर्थर रिग्ज यांनी, एकमेकांना न विचारता जवळजवळ एकच कल्पना मांडली: या खुणा जनुकं चालू-बंद ठेवत असाव्यात, आणि पेशी दुभंगली तरी खुणा पुढच्या पेशीत जात असाव्यात.

कशा जात असतील? तर प्राण्यांमध्ये ही खूण प्रामुख्याने जिथे सीच्या पुढे जी येतो तिथे असते. आता डीएनएचे दोन धागे असतात आणि एकावर सीजी असेल तर समोरच्या धाग्यावरही उलट्या दिशेने सीजीच वाचता येतं. म्हणजे खूण दोन्ही बाजूंना. पेशी दुभंगताना दोन धागे वेगळे होतात, प्रत्येकाला नवा जोडीदार धागा मिळतो. जुन्या धाग्यावर खूण आहे, नव्यावर नाही. पेशीत एक एन्झाइम अशी अर्धी खूण शोधत फिरतं आणि समोरची बाजू पुरी करतं. अक्षरशः नक्कल. म्हणून त्वचेची पेशी दुभंगली की त्वचेचीच होते, यकृताची यकृताचीच.

आणि खूण केली की जनुक बंद का होतं? काही प्रथिनांना त्या जागी बसता येत नाही, तर काही खास खुणेला ओळखून तिथे येतात आणि तो भाग आवळून बांधून ठेवतात. जनुकाच्या सुरुवातीला, म्हणजे जिथून ते चालू होतं तिथे, अशा खुणांची दाटी झाली की ते सहसा गप्प होतं.

माझी या खुणेशी ओळख झाली एमएस्सीला. प्रॅक्टिकलला दोन एन्झाइमं होती, हपा-टू आणि एमएसपी-वन. दोन्ही डीएनएला एकाच शब्दावर कापतात: सी-सी-जी-जी. फरक एवढाच, की मधल्या सीवर खूण असेल तर हपा-टू कापत नाही, एमएसपी-वन मात्र बिनदिक्कत कापतं. एकच डीएनए दोन नळ्यांत घालायचा, एकात हे, दुसऱ्यात ते, आणि मग दोन्ही जेलवर शेजारी शेजारी पळवायचे. एमएसपीच्या रांगेत सगळा भुगा झालेला, हपाच्या रांगेत वरती जाडजूड पट्टा तसाच. त्या दोन रांगांमधला फरक म्हणजे डोळ्यांना न दिसणारी ती खूण. मला आठवतंय, अतिनील दिव्याखाली ते जेल बघताना पहिल्यांदा वाटलं होतं, की अरे, ही खूण आपल्याला हवी तिथे *काढता* आली तर?

तोवर ते करून दाखवून लोकांना तेरा-चौदा वर्षं झाली होती. मला पत्ताच नव्हता.

मी आणि अंगणवाडीच्या ताई

पुढे जाण्याआधी एक घरगुती गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच समजावणार आहे.

मी सातवीत होतो. पल्स पोलिओचा रविवार झाला की पुढचे काही दिवस घरोघर जाऊन, राहिलेल्या बाळांना डोस द्यायचे. आमच्या भागातल्या अंगणवाडीच्या ताईंना कुठल्या घरात किती लहान मूल आहे हे तोंडपाठ. मदतीला मी. माझ्या हातात खडू. ताईंनी डोस दिला की मी दारावर इंग्रजी 'पी' काढायचा, म्हणजे या घरातलं काम झालं. कुणी राहिलं असेल तर फुली, म्हणजे इथे परत यायचं.

आता सातवीतल्या पोराच्या हातात खडू दिलाय. ताई एका घरात बोलत थांबल्या की मी पुढच्या दारावर 'पी', त्याच्या पुढच्या दारावर 'पी'. जिन्याच्या भिंतीवरसुद्धा. मजा! संध्याकाळी ताईंच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी माझा कान असा पिरगाळला, की अजून आठवतो. म्हणाल्या, "अरे, ज्या दारावर पी आहे तिथे उद्या कुणी जाणारच नाही. आत बाळ असेल तर?" आम्ही दोघं कंदील-बॅटरी घेऊन परत सगळे जिने चढलो आणि ओल्या फडक्याने खुणा पुसल्या.

खूण चुकीच्या दारावर पडली तर ती नुसती वाया जात नाही, ती त्या घराचं नुकसान करते. शरीरातही हेच. पेशीला बेफाम वाढू न देणारी काही जनुकं असतात. त्यांच्या दारावर चुकून मिथिलची खूण बसली आणि ती गप्प झाली, तर ते कॅन्सरच्या वाटेवरचं पाऊल ठरू शकतं. अनेक ट्यूमरमध्ये अशा खुणा प्रत्यक्ष सापडतात. ताईंचा, म्हणजे निरोपवाल्या ताईंचा, प्रश्न इथेच बोट ठेवतो.

१९९७ : दोघांना एकत्र बांधणं

तर पेशीत पत्ता ओळखणारी प्रथिनं वेगळी असतात आणि खूण करणारी एन्झाइमं वेगळी.

पत्तेवाल्यांमध्ये त्या काळी सगळ्यांत समजलेलं घराणं होतं झिंक फिंगरचं. केंब्रिजमध्ये एरन क्लुग आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आफ्रिकी बेडकाच्या अंड्यातल्या एका प्रथिनात हा घाट ओळखला. साधारण ३० अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा, मधोमध जस्ताचा एक अणू, आणि तो तुकडा बोटासारखा डीएनएच्या खाचेत शिरून साधारण तीन अक्षरं चाचपतो. १९९१ मध्ये निकोला पाव्हलेटिच आणि कार्ल पाबो यांनी अशी तीन बोटं डीएनएला धरून बसलेली असतानाचं चित्र क्ष-किरणांनी मिळवलं. तीन बोटं, नऊ अक्षरं. बोटं बदलली की पत्ता बदलतो, हे तेव्हा अनेकांच्या मनात भरलं.

खडूवाल्यांमध्ये एक जिवाणूंचं एन्झाइम हाताशी होतं. स्पायरोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूतलं. ते दिसेल त्या सीजीवर खूण करतं. एकही सोडत नाही.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टिमथी बेस्टर यांच्या प्रयोगशाळेत क्वो-ल्यांग शू यांनी या दोघांची जनुकं एकापुढे एक जोडली, म्हणजे पेशीने वाचताना दोन्हींचं मिळून एकच सलग प्रथिन तयार होईल. यालाच फ्यूजन प्रथिन म्हणतात. ताई आणि मी, एकाच दोरीने बांधलेले. निबंध १९९७ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये आला. जेमतेम तीन पानांचा. परीक्षानळीतल्या डीएनएवर, बोटं जिथे बसतात त्याच्या आसपास खुणा जास्त पडल्या. ठरवलेल्या जागी मिथिलेशन होऊ शकतं, हे पहिल्यांदा दिसलं.

पण नीट ऐका: *जास्त* पडल्या. फक्त तिथेच पडल्या असं नाही. मला ताईंना बांधलं म्हणून माझ्या हातातला खडू थांबत नाही. त्या थांबतील तिथे मी जास्त वेळ असेन, म्हणून तिथे जास्त खुणा. पण जाता-येता वाटेतल्या दारांवर मी हात चालवणारच.

शिवाय पत्ताही अपुरा होता. नऊ अक्षरांचे वेगवेगळे शब्द होतात २,६२,१४४. माणसाचा जनुकसंच सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. नुसता भागाकार केला तरी तो नऊ अक्षरी पत्ता दहा हजारांवर ठिकाणी सापडेल. सहा बोटं जोडली की अठरा अक्षरं होतात आणि शक्यता जातात ६,८०० कोटींच्या पलीकडे, म्हणजे निदान कागदावर तरी पत्ता एकमेव. त्यामुळे पत्त्याचा प्रश्न हळूहळू सुटत गेला. खडूचा मात्र तसाच राहिला.

कात्री सोपी, खडू अवघड

इथे एक गंमत आहे. जोडप्रथिनांची हीच कल्पना कापण्यासाठी वापरली गेली तेव्हा ती झपाट्याने पुढे गेली. जॉन्स हॉपकिन्समध्ये श्रीनिवासन चंद्रसेगरन यांच्या गटाने १९९६ मध्ये झिंक फिंगरला फॉक-वन या एन्झाइमचा कापणारा भाग जोडला. पुढच्या वीसेक वर्षांत त्यातून जनुक कापण्याची साधनं निघाली, माणसांवर चाचण्या झाल्या. मग शू-बेस्टर यांची वाट इतकी खडतर का?

कारण फॉक-वनचा कापणारा भाग एकटा जवळपास निरुपयोगी आहे. दोन तुकडे एकत्र आले तरच धार येते. म्हणजे दोन बाजूंनी दोन पत्तेवाले आले, भेटले, तरच काम. वाटेत एकट्याने काही करता येत नाही. मिथिलची खूण करणारं एन्झाइम मात्र एकटं समर्थ असतं. १९९४ मध्ये सॉलियस क्लिमाशाउस्कस, शियाओडाँग चेंग, रिच रॉबर्ट्स यांनी एका जिवाणूतल्या एचएचए-वन नावाच्या एन्झाइमचं काम करतानाचं चित्र मिळवलं. त्यात दिसलं, की ते सायटोसीनला गोफातून उलटं फिरवून चक्क बाहेर काढतं, स्वतःच्या खोबणीत घेतं आणि खूण करतं. त्याला कुणाची मदत लागत नाही. इतक्या स्वयंपूर्ण कारागिराला शिस्त लावायची कशी?

यावर चंद्रसेगरन आणि मार्क ऑस्टरमायर यांच्या गटाने एक युक्ती काढली. खडूच मोडायचा. २००५ मध्ये त्यांनी याच एचएचए-वनचे दोन तुकडे केले, असे की प्रत्येक तुकडा एकटा निकामी, पण दोन्ही जवळ आले की पुन्हा काम करतात. २००७ मध्ये वातारू नोमुरा आणि कार्लोस बार्बास यांनी दोन तुकड्यांना दोन वेगवेगळी झिंक फिंगर जोडली आणि जिवंत ई. कोलाय जिवाणूंत दाखवलं, की दोन पत्ते शेजारी असतील तिथे दोन अर्धे खडू भेटतात आणि खूण होते. मला ही कल्पना फार आवडते. फॉक-वनकडे जे जन्मजात होतं, ते इथे माणसाने घडवलं.

अडचण एवढीच, की दोन अर्ध्यांना एकमेकांची ओढ जास्त असेल तर ते वाटेतच भेटतात. मग पुन्हा तेच. म्हणून पुढची कित्येक वर्षं ही ओढ कमी करण्यात गेली. ओढ फार कमी केली तर पत्त्यावरही काम होत नाही, जास्त ठेवली तर भलतीकडेही होतं.

दुसऱ्या काहींनी जिवाणूंचा खडू सोडून सस्तन प्राण्यांचा घेतला. आपल्या पेशीत नव्या खुणा करणारी दोन मुख्य एन्झाइमं आहेत, डीएनएमटी-थ्री-ए आणि थ्री-बी. ती १९९८ मध्ये ओकानो आणि एन ली यांच्या गटाने शोधली. जर्मनीत आल्बर्ट येल्च यांच्या गटाने २००७ मध्ये यांचा काम करणारा भाग झिंक फिंगरला जोडला आणि पेशींमध्ये नागिणीच्या भावकीतल्या, हर्पीस सिम्प्लेक्स, विषाणूच्या जनुकाच्या दारावर खुणा करून त्याची वाढ दाबली. पुढे २०१३ मध्ये त्यांनी याला थ्री-एल नावाचा एक जोडीदारही सलग जोडून टाकला. थ्री-एल स्वतः खूण करत नाही, पण थ्री-एला जोर देतो.

जोर वाढला. शिस्तीचं काय, हा प्रश्न तसाच.

क्रिस्पर आलं, आणि हिशोबही

२०१२ मध्ये क्रिस्पर आलं आणि पत्ता लिहिणं एकदम स्वस्त झालं. आधी प्रत्येक पत्त्यासाठी नवं प्रथिन घडवावं लागायचं. आता वीस अक्षरांचा एक आरएनए लिहिला की कॅस-नाइन तिथे जातं. त्याची कात्री बोथट केली की ते कापत नाही, फक्त जाऊन बसतं. २०१६ मध्ये झाग्रेबपासून बॉस्टनपर्यंत तीन-चार गटांनी या बोथट कॅस-नाइनला डीएनएमटी-थ्री-ए जोडून ठरवलेल्या जागी खुणा केल्या. त्यातला रुडॉल्फ येनिश यांचा गट तर खुणा पुसण्याचंही साधन घेऊन आला.

मी मागच्या भागात जे वाक्य टाकलं, ते याच उत्साहातलं होतं. पण २०१८ मध्ये अलेक्झांडर माइसनर यांच्या गटाने एक साधा, रोखठोक प्रयोग केला, तो मी सांगितलाच नव्हता. त्यांनी उंदराच्या अशा मूलपेशी घेतल्या ज्यांच्यातल्या मिथिलच्या खुणा जवळपास नाहीशा केलेल्या होत्या. म्हणजे नुकत्याच रंगवलेल्या भिंती. त्यात हे जोडप्रथिन सोडलं आणि मग संपूर्ण जनुकसंच तपासला. खुणा सगळीकडे. पत्ता दिलेला असो वा नसो, थ्री-ए जिथे दार मोकळं दिसलं तिथे हात मारत गेलं होतं.

असं तपासता आलं, त्यामागेही एक इतिहास आहे. १९९२ मध्ये सिडनीत मरियान फ्रॉमर यांच्या गटाने बायसल्फाइटची पद्धत दाखवली. बायसल्फाइट या रसायनाने खूण नसलेला सी बदलतो आणि खूण असलेला तसाच राहतो, म्हणून मग डीएनए वाचला की प्रत्येक खूण अक्षर-अक्षर कळते. १९९७ मध्ये शू-बेस्टर यांना थोडीच दारं बघता येत होती. माणसाच्या जनुकसंचात अशी दारं, म्हणजे सीजीच्या जागा, २.८ कोटींच्या घरात आहेत. २००९ च्या सुमारास ती सगळी एकदम बघणं शक्य झालं. आणि बघता यायला लागल्यावरच कळलं, की आपला खडूवाला किती दारं रंगवून आलाय.

थोडा वेळ येऊन जाणं

यातून एक वाट निघाली ती वेगळ्याच बाजूने. खडूवाल्याला शहाणं करता येत नसेल, तर त्याला पेशीत फार वेळ ठेवायचंच नाही.

मघाशी सांगितलं तसं, पेशी खुणांची नक्कल स्वतःच करते. मग आपलं प्रथिन दोन-चार दिवस येऊन गेलं तरी पुरे. मिलानमध्ये आंजेलो लोंबार्दो आणि लुईजी नाल्दिनी यांच्या गटाने २०१६ मध्ये हे नीट दाखवलं. थ्री-ए, थ्री-एल, आणि जनुकाभोवतीचं बांधकाम आवळणारा क्रॅब नावाचा भाग, असे तिघं थोडाच काळ पेशीत सोडले. ते गेले, जनुक बंदच राहिलं. एकट्या-दुकट्याने हे इतकं पक्कं जमत नाही, तिघं एकत्र लागतात. २०२१ मध्ये ल्यूक गिल्बर्ट आणि जॉनथन वाइसमन यांच्या गटांनी हे सगळे भाग एकाच प्रथिनात ओवले आणि त्याला नाव दिलं क्रिस्परऑफ. ४५० पेशीविभाजनं झाली, तरी खूण टिकून होती.

मग २०२४ च्या फेब्रुवारीत मिलानचाच गट जिवंत उंदरांपर्यंत पोहोचला. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवणारं एक जनुक आहे, पीसीएसके-नाइन. मेदाच्या सूक्ष्म थेंबांतून या साधनाचा आरएनए यकृतात पाठवला, एकदाच. त्या प्रथिनाची रक्तातली पातळी जवळपास निम्म्यावर आली आणि वर्षभराच्या आसपास तशीच राहिली. त्यांनी यकृताचा तुकडा कापून ते पुन्हा वाढायलाही लावलं. नव्या पेशींतही जनुक गप्पच. आणि यात पत्तेवाला कोण होता माहितेय? क्रिस्पर नव्हे. १९९७ मधलंच जुनं झिंक फिंगर.

खडू न नेणारी माणसं

आता शेवटची गोष्ट, आणि ही ताईंच्या प्रश्नाला सर्वांत जवळची.

सोनिया वल्लभ या अमेरिकेत वकिलीचं शिक्षण घेतलेल्या. २०१० मध्ये त्यांची आई अचानक उद्भवलेल्या, झपाट्याने वाढणाऱ्या आजाराने गेली. वय अवघं ५२. नंतर कळलं, की तो आनुवंशिक प्रिऑन आजार होता. मेंदूतलं एक प्रथिन चुकीचं घडी होतं, शेजारच्यांनाही तसंच घडी व्हायला लावतं, आणि त्यावर औषध नाही. सोनियांनी चाचणी करून घेतली. २०११ मध्ये निकाल आला: तोच बदल त्यांच्यातही. त्यांनी आणि त्यांचे पती एरिक मिनिकेल यांनी, जे वाहतूक नियोजनाच्या क्षेत्रात होते, दोघांनी नोकऱ्या सोडल्या, जीवशास्त्र मुळापासून शिकले, हार्वर्डमधून पीएचडी केली आणि याच आजारावर संशोधन सुरू केलं.

२०२४ च्या जूनमध्ये 'सायन्स'मध्ये वाइसमन यांच्या गटासोबतचा त्यांचा निबंध आला. मेंदूत साधन पोहोचवायला एक निरुपद्रवी विषाणू वापरतात, एएव्ही. त्याची पिशवी फार लहान: सुमारे ४,७०० अक्षरं मावतात. कॅस-नाइनच त्यातली ४,१०० खातं. म्हणून इथेही झिंक फिंगर. सहा बोटं म्हटली तरी दोनशेहून कमी अमिनो आम्लं, कॅस-नाइनची १,३६८.

पण खरी गोष्ट खडूची आहे. त्यांना दिसलं, की बाहेरून आणलेलं जोरदार थ्री-ए पेशींना सोसत नाही. मग त्यांनी ते नेलंच नाही. आपल्या पेशीत थ्री-ए असतंच. ते एरवी स्वतःलाच कुलूप लावून बसलेलं असतं, आणि ते कुलूप उघडतं हिस्टोन नावाच्या प्रथिनाच्या शेपटीच्या एका टोकाने. या मंडळींनी झिंक फिंगरला ती शेपटी आणि थ्री-एलचा तुकडा जोडला. म्हणजे पत्त्यावर जायचं, आणि तिथे पेशीच्याच थ्री-एला बोलावून त्याचं कुलूप उघडायचं. या साधनाचं नाव त्यांनी ठेवलं चार्म. उंदरांच्या मेंदूत प्रिऑन प्रथिन ८० टक्क्यांहून जास्त घटलं. शिवाय काम झाल्यावर साधनाने स्वतःच्याच जनुकाच्या दारावर खूण करून स्वतःलाही बंद करावं, अशी सोय त्यात केलेली आहे.

मला इथे पुन्हा अंगणवाडीच्या ताई आठवल्या. पुढच्या फेरीला त्यांनी मला नेलं, पण खडू दिला नाही. त्या ज्या घरात जात, तिथल्याच उंबऱ्याजवळच्या डबीतून चिमूटभर रांगोळी मागून घेत आणि दारावर खूण करत. माझ्या हातात काही नाही, म्हणून वाटेत काही नाही.

तर ताई, उत्तर

"नको ते बंद होत नाही," असं मी म्हणालो तर ते खोटं ठरेल. १९९७ मध्ये ते होत होतं, २०१८ मध्ये होत होतं, आणि आजही कुठल्याही नव्या साधनाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. फरक असा पडलाय, की आता दोन कोटी ऐंशी लाख दारं एकेक करून तपासता येतात, साधन पेशीत थोडाच वेळ राहतं, आणि काही साधनं स्वतःचा खडू नेतच नाहीत. उंदरातलं यश माणसात तसंच उतरेल असं नाही. माणसाचा मेंदू उंदराच्या मेंदूपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि विषाणू सगळीकडे पोहोचवणं हेच मोठं काम आहे. इतर काही आजारांसाठी, उदाहरणार्थ हिपॅटायटिस बी, अशा प्रकारच्या साधनांच्या माणसांवरच्या पहिल्या चाचण्या आता कुठे सुरू झाल्यात.

आणखी एक गोष्ट, जी मी मागच्या वेळी सांगायलाच हवी होती. जनुक बंद करण्याचा उपयोग तेव्हाच होतो, जेव्हा ते जनुक काहीतरी *घातक बनवतं*. प्रिऑनमध्ये तसं आहे. पण पुष्कळ आनुवंशिक आजारांत उलटं असतं: एखादं गरजेचं प्रथिन बनतच नाही. तिथे बंद करून काय मिळणार? तेव्हा तुमच्या घरच्या आजारात यांपैकी काय आहे, हे जनुकीय समुपदेशकांना विचारा. कुठलं औषध कधी येईल, याच्या आधीचा प्रश्न तो आहे.

शू यांच्याबद्दल एक सांगायचं राहिलं. ते पुढे शांघायला गेले आणि २०११ मध्ये त्यांच्या गटाने पेशी ही खूण स्वतः कशी पुसते, त्यातली एक वाट दाखवली. खूण करायला शिकवणाराच पुसण्याच्या मागे लागला. आम्हीही त्या रात्री जिने चढून तेच केलं होतं.

आज इथेच थांबतो. ताई, निरोपाबद्दल आभार. आणि बाकीच्यांनो, माझं एखादं वाक्य असं घाईत निसटलेलं दिसलं, तर असाच कान पिरगाळा. भेटूया पुढच्या भागात.